बेकारीतला एक पावसाळा

१९३० साली मुंबईहून एक जोडपं किहीमला बिऱ्हाड घेऊन आलं. नवऱ्याचं वय ३३. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक, आणि तीही कशीबशी पदरात पडलेली. पुढं कॉलेजचं दार पाहिलं, पण पदवी मिळाली नाही. ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात पडला, तो धंदा बुडाला. मग मुंबईच्या म्युझियममध्ये बऱ्यापैकी नोकरी लागली. तिथून रजा घेऊन हा गृहस्थ शिकायला जर्मनीला गेला आणि परत येऊन पाहतो तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. मुंबईत राहणं परवडेना. किहीमला समुद्राकाठी कुटुंबाचं लहानसं घर होतं. बायकोला घेऊन तो तिथं राहायला गेला.

अशा माणसाबद्दल नातेवाईक काय बोलतात हे मी वाचकांना सांगायला नको. आपल्या प्रत्येकाच्या घराण्यात असा एखादा काका किंवा मामा होऊन गेलेला असतो. हुशार होता हो, पण कुठं टिकला नाही, असं लग्नकार्याच्या पंगतीत त्याच्याविषयी बोललं जातं आणि पुढची जिलबी वाढली जाते.

किहीमला आलेला हा बेकार पाहुणा म्हणजे सालिम अली. पक्षी म्हटलं की आपल्या देशात ज्यांचं नाव पहिलं ओठावर येतं ते. त्यांचं पुढं काय झालं हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपण त्यांची ही हकीकत निर्धास्तपणे वाचतो. त्या पावसाळ्यात ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला त्यांच्या आयुष्यातले पद्मविभूषण, राज्यसभा, देशोदेशीची सुवर्णपदकं हे सगळं बाजूला ठेवून त्या एका पावसाळ्याकडं पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं ते एवढ्यासाठीच.

किहीम आता पुष्कळांना माहीत आहे. शनिवार-रविवार साधून गेटवेवरून मांडव्याच्या लाँचमध्ये बसणारी मंडळी तिथं मोठ्या संख्येनं जातात. ज्याला आज आपण रायगड जिल्हा म्हणतो तो तेव्हा कुलाबा जिल्हा होता. नाव बदललं ते १९८१ साली. माडांच्या आणि सुपारीच्या वाड्या, मागं भातखाचरं, पुढं वाळू आणि समुद्र. मुंबई समोर, पण मध्ये खाडी. पावसाळ्यात दर्या खवळला की ही समोरची मुंबई फार लांब जाते. नोकरीच्या शोधात असलेल्या माणसानं जाऊन राहावं अशी ही जागा नव्हे. नोकऱ्या सगळ्या खाडीपलीकडं होत्या.

थोडं मागं जायला हवं. सालिमचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. भावंडांत धाकटा. वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मूलबाळ नसलेल्या मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या पोरक्या मुलांना वाढवलं. घर खाऊनपिऊन सुखी, मोठ्या गोतावळ्याचं. मामांकडून मिळालेल्या खेळण्यातल्या एअरगननं चिमण्या टिपणं हा सालिमचा उद्योग. दहाएक वर्षांचा असताना त्यानं पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कुठली चिमणी, म्हणून त्यानं मामांना विचारलं. मामांनाही सांगता येईना. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला सोसायटीचे सेक्रेटरी मिलार्ड यांच्याकडं धाडलं.

सोसायटी तेव्हा अपोलो स्ट्रीटवर फिप्सन कंपनीच्या जागेत होती. फिप्सन म्हणजे दारूचे व्यापारी, आणि मिलार्ड त्याच पेढीवर. तेव्हा मेलेली चिमणी हातात घेऊन एका लहान मुलानं गोऱ्या साहेबाच्या मद्याच्या पेढीत जायचं, असा तो प्रकार होता. मिलार्डसाहेबांनी मुलाला हुसकलं नाही. ही रानचिमणी आहे असं त्यांनी ओळखून सांगितलं, कपाटांचे खण उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. या घटनेवर सालिम अलींनी पुढं आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं. 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे पुस्तक १९८५ साली आलं, म्हणजे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ती चिमणी त्यांच्या मनात होती.

पण चिमणीनं वाट दाखवली आणि मुलगा त्या वाटेनं सरळ निघाला, असं काही झालं नाही. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीचा विकार मागं लागला. शाळा सारखी बुडू लागली. कोरड्या हवेत बरं वाटेल म्हणून त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडं धाडलं. १९१३ साली तो मॅट्रिक झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात गेला, तिथं गणितानं, विशेषतः लॉगॅरिदमनं, त्याची पाठ धरली. पहिल्याच वर्षानंतर त्यानं कॉलेज सोडलं आणि ब्रह्मदेशातल्या तव्हॉयला घरच्या व्यवसायात गेला. व्यवसाय टंगस्टनच्या खाणीचा आणि इमारती लाकडाचा. आजूबाजूला जंगल, जंगलात पक्षी. खाणीचा हिशेब कोण ठेवत होतं कोण जाणे.

मध्ये १९१७ साली ते मुंबईला परतले आणि दावर्स कॉलेजात हिशेबनीस होण्याचं आणि व्यापारी कायद्याचं शिक्षण घेऊ लागले. सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांच्या लक्षात आलं की या तरुणाचा जीव जमाखर्चात नाही. त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास कर म्हणून आग्रह धरला. मग सकाळी दावर्समध्ये जमाखर्च आणि नंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र अशी दुहेरी हजेरी सुरू झाली. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं. दोघं पुन्हा ब्रह्मदेशात गेली. धंदा काही सावरला नाही, आणि १९२४ च्या सुमारास दोघं कायमची मुंबईला परत आली.

आता पक्ष्यांचंच काम करायचं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात पक्षितज्ज्ञाची जागा होती. ती त्यांना मिळाली नाही, कारण विद्यापीठाची पदवी नव्हती.

मी आयुष्याची तीसएक वर्षं बँकेत काढली. त्या काळात मी जे हजारो छापील फॉर्म पाहिले त्यांत एक रकाना कायम असायचा, पात्रता. अर्जदार बाकीचे रकाने भराभर भरायचे आणि तिथं येऊन पेन थांबायचं. पुष्कळ जण तो रकाना पाहूनच फॉर्म परत ठेवून निघून जात. कोणी नाही म्हणायच्या आधीच त्यांनी स्वतःला नाही म्हटलेलं असे. माझ्या कादंबऱ्यांतली निम्मी पात्रं मला त्या रकान्यापाशीच भेटली. सालिम अलींच्या बाबतीत तर नकार कल्पनेतला नव्हता. तो सरकारी होता, आणि नियमानुसार होता.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती छापील फॉर्मवर नसे. पक्षिशास्त्र हा तेव्हा गोऱ्या अंमलदारांचा प्रांत होता. कलेक्टर, पोलीस सुपरिंटेंडेंट, लष्करातले कर्नल, चहाचे मळेवाले यांनी सुट्टीत पक्षी जमवायचे, त्यांवर सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहायचं आणि नमुने लंडनला धाडायचे. हिंदी माणसानं या व्यवहारात फार तर कातडी सोलून भुसा भरायचा. सालिम अलींनी एकदा पंजाबातले निवृत्त पोलीस अधिकारी ह्यू व्हिसलर यांची चूक दाखवली. व्हिसलर हे त्या काळातलं मोठं नाव. शेपटीला दोन लांब तुरे असलेला जो भृंगराज कोतवाल आपल्याकडं असतो, त्या तुऱ्यांच्या रचनेविषयी त्यांनी लिहिलेलं बरोबर नाही, असं या अनोळखी हिंदी माणसानं लिहून कळवलं. व्हिसलर भडकले, सोसायटीकडं कडक पत्रं गेली. मग त्यांनी आपल्याकडचे नमुने पुन्हा काढून पाहिले आणि चूक कबूल केली. पुढं हे दोघे जिवलग मित्र झाले. व्हिसलर यांचा हा मोठेपणा सांगितलाच पाहिजे. सगळेच तसे नव्हते. ब्रह्मदेशातल्या पक्ष्यांच्या एका संग्रहावर सालिम अलींनी काम करावं असं ठरलं तेव्हा टाइसहर्स्ट नावाच्या इंग्रज पक्षितज्ज्ञांना एका हिंदी माणसाचा त्यातला सहभाग रुचला नाही. सोसायटीनं त्यांचं ऐकलं नाही, ही सोसायटीच्या बाजूची गोष्ट.

१९२६ साली त्यांना प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून जागा मिळाली. हेच आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पगार महिना ३५० रुपये. सोनं तोळ्याला विशीच्या घरात होतं त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. दोन वर्षं भुसा भरलेल्या पक्ष्यांसमोर उभं राहून शाळकरी मुलांना माहिती सांगितल्यावर त्यांना त्याचा कंटाळा आला. १९२८ साली रजा काढून ते बर्लिनला गेले, प्राध्यापक एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकायला. श्ट्रेझमान यांनी पदवी विचारली नाही. त्यांनी काम दिलं. याच गुरूला सालिम अलींनी जन्मभर मानलं. पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांचा माग ठेवण्याची पद्धत ते हेल्गोलँड बेटावर शिकले, आणि १९३० साली परत आले तेव्हा नोकरी गेली होती, हे वर आलंच आहे.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बर्लिनहून परतलेला हा माणूस आधीपेक्षा जास्त शिकलेला होता आणि आधीपेक्षा कमी कमावत होता. अशा वेळी मनात काय येतं ते आपण जाणतो. आपलं चुकलंच. साडेतीनशेची नोकरी होती, कशाला ही हौस.

हल्ली मनातल्या या आवाजावर इलाज सांगणारी पुस्तकं आणि शिबिरं यांचं पेव फुटलं आहे. आमच्या सूनबाई मागं अशा एका शिबिराला जाऊन आल्या. मनातल्या मर्यादा पुसून टाकायच्या, हवं ते मिळालंच आहे असं धरून चालायचं, त्याची चित्रं कापून भिंतीवर लावायची, म्हणजे ते आपल्याकडं खेचलं जातं, असं काहीसं तिथं शिकवलं. त्यांनी स्वयंपाकघरात फ्रिजवर समुद्रकाठच्या बंगल्याचं चित्र लावलं आहे. मी थट्टा करत नाही. माणसाला धीर लागतो आणि तो कुठून तरी यावा लागतो. पण सालिम अलींची कथा मी या दृष्टीनं ताडून पाहिली तेव्हा एक फरक दिसला. त्यांना हवी होती पक्षितज्ज्ञाची जागा. ती त्यांच्याकडं खेचली गेली नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. ती जागा मिळाली असती तर जे काम त्यांनी केलं असतं ते त्यांनी किहीमला, जागा नसताना, सुरू केलं. मला यात मनाच्या शक्तीपेक्षा सवयीची शक्ती जास्त दिसते. सकाळी उठून पक्षी बघायचे आणि लिहून ठेवायचं, ही सवय नोकरी गेली म्हणून सुटली नाही.

किहीमच्या घराजवळ सुगरणींची वसाहत होती. सुगरण पक्षी आपल्याला नवा नाही. भातखाचरांच्या कडेच्या बाभळीवर, शिंदीवर, विहिरीवर ओणवलेल्या झाडावर तिचे खोपे लोंबताना आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. एरवी हा पक्षी चिमणीसारखाच दिसतो. विणीच्या दिवसांत नराच्या डोक्यावर सोन्यासारखी पिवळी टोपी येते. सालिम अलींनी खोप्यांजवळ कापडाचा आडोसा केला, त्यात बसून तासन्‌तास पाहिलं आणि टिपून ठेवलं. कोणता खोपा कोणत्या नराचा, आज किती विणून झाला, मादी कधी आली, आत गेली की नाही, परत आली की नाही. दावर्स कॉलेजातला जमाखर्च वाया गेला नव्हता असं मला इथं वाटतं. प्रत्येक खोप्याचं खातं उघडायचं आणि रोजच्या रोज नोंद करायची, हे काम बँकेतल्या माणसाला लगेच ओळखू येतं. पक्ष्यांचे शौकीन तेव्हाही पुष्कळ होते, पण एकाच झाडासमोर अख्खा पावसाळा बसणारा माणूस विरळा.

त्यांना जे दिसलं ते असं. खोपा विणतो तो नर. भाताच्या किंवा गवताच्या पात्याला चोचीनं कडेला चीर देतो, ती चीर धरून उडतो, की लांब पट्टी फाटून हाती येते. फांदीला गाठी मारत कडं करतो, कड्यावर घुमट चढवतो. एक खोपा पुरा व्हायला अठराएक दिवस आणि पाचशेपर्यंत फेऱ्या लागतात. पण नर तो एकदम पुरा करत नाही. आठवडाभरात खोपा उलट्या टोपीच्या आकाराला आला की काम थांबतं. मग माद्यांचा थवा येतो. नर आपापल्या अर्ध्या खोप्याला लटकून पंख फडफडवत ओरडा करतात. मादी एका खोप्यात शिरते, चोचीनं ओढून पाहते, बाहेर येते, दुसऱ्यात जाते. घर पाहायला आलेल्या गृहिणीसारखी ती बारकाईनं पाहते. पसंत पडलं तर ठाण मांडते. मग नर अंड्यांची खोली आणि खालची लांब नळी विणून घर पुरं करतो. पसंत न पडलेले खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात.

मादीनं दोन ते चार अंडी घातली की ती एकटीच उबवते. आणि नर? तो शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा सुरू करतो. तो पसंत पडला तर दुसऱ्या मादीशी संसार, वेळ उरला तर तिसरा. एका वेळी एक, पण एकापाठोपाठ अनेक. सुगरणीच्या संसाराची ही रीत नीट पाहून, पुराव्यानिशी मांडली ती सालिम अलींनी. त्याआधी त्या अर्धवट खोप्यांबद्दल तऱ्हेतऱ्हेचे समज होते. नराला पावसात बसायला ते झोपाळे असतात, असं कोणी म्हणे. खोप्यात चिखलाचे गोळे चिकटवलेले असतात, त्यावरून सुगरण चिखलात काजवे खोचून रात्री दिवे लावते अशी लोककथा होती. चिखल खरा, काजवे खोटे.

आपल्या मराठीतला समज तर थेट शब्दातच बसला आहे. सुगरण म्हणजे कामात निपुण बाई. बहिणाबाई चौधरींनी हिच्या खोप्यावर गाणं रचलं आणि ते घराघरांत गेलं, तिथंही ती आई आहे. विणणारा बाप्या आहे ही गोष्ट भाषेनं कधी विचारात घेतली नाही, कारण नीटनेटकं घर म्हटलं की मागं बाईच असणार हे आपण धरून चाललो. बहिणाबाईंच्या गाण्याचं सौंदर्य यानं कणभर कमी होत नाही. पण शेकडो वर्षं अंगणासमोर चाललेला व्यवहार कोणी डोळे उघडून पाहिला नव्हता, आणि तो पाहायला एक नोकरी गेलेला माणूस यावा लागला, याची मला गंमत वाटते.

हे चाललं होतं तेव्हा देश पेटलेला होता हेही विसरता येत नाही. १९३० साल मिठाच्या सत्याग्रहाचं. सालिम अलींचे आणखी एक मामा अब्बास तय्यबजी यांनी गांधीजींच्या अटकेनंतर धारासण्याच्या सत्याग्रहाचं नेतृत्व पत्करलं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या वयात ते तुरुंगात गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात कुलाबा जिल्ह्यातच उरणजवळ चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, माणसं मेली. आणि त्याच जिल्ह्यात हा भाचा कापडाच्या आडोशात बसून पाखरांच्या फेऱ्या मोजत होता. कोणी याला पळपुटेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही, पण हा प्रश्न त्यांना कोणीतरी विचारला असणारच असं मनात येतं.

तेहमिना बेगम यांच्याविषयी आपण फार थोडं बोलतो. त्या सुखवस्तू घरात वाढलेल्या, इंग्लंडमध्ये शिकलेल्या. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा दुसरी बघा असा लकडा त्यांनी लावला असता तर कोणी त्यांना नावं ठेवली नसती, आणि कदाचित सुगरणीचा तो अभ्यासही झाला नसता. त्या किहीमला आल्या. पुढं नवऱ्याबरोबर रानावनांत तंबूत राहिल्या. माणूस आपल्या मनातली भीती एकट्यानं ओलांडतो असं आपण लिहितो, पण घरखर्चाची वही दुसऱ्याच कोणाच्या हातात असते. आणि डोक्यावर छप्पर होतं, हेही प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. किहीमला घर नसलेल्या, मामा-मामी नसलेल्या, तेहमिना नसलेल्या ३३ वर्षांच्या बेकार तरुणाला हीच कथा जशीच्या तशी सांगू नये.

सुगरणीवरचा निबंध १९३१ साली सोसायटीच्या जर्नलमध्ये आला आणि जाणकारांचं लक्ष या माणसाकडं वळलं. उत्पन्नाचं मात्र अजून काही नव्हतं. तेव्हा त्यांनी एक असा बेत मांडला की माझ्यासारख्या बँकवाल्याला तो आतबट्ट्याचाच वाटावा. संस्थानांच्या मुलखांत पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. सालिम अली म्हणाले, मी करतो. मला पगार नको. तंबू, गाडी, सोबतीची माणसं आणि पोटापाण्याचा खर्च तेवढा द्या. निजामाच्या हैदराबाद संस्थानानं ते मान्य केलं. १९३१ आणि १९३२ साली ती पाहणी झाली. त्यामागून त्रावणकोर आणि कोचीन, पुढं ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. पाठवलेल्या नमुन्यांच्या अभ्यासात साहाय्य करायला व्हिसलर होतेच. ज्या खात्यानं पदवी नाही म्हणून दार लावलं, त्या खात्यातला कारकुनी ताबेदारीचा भाग वगळून उरलेलं सगळं काम या माणसानं विनावेतन मिळवलं.

१९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम वारल्या. लग्नाला एकवीस वर्षं होत आली होती. सालिम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडं ते वांद्र्याला पाली हिलवर राहू लागले. दोन वर्षांनी, १९४१ साली 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' निघालं. सामान्य माणसाला पक्षी ओळखता यावेत म्हणून लिहिलेलं हे पुस्तक नव्या नव्या आवृत्त्यांतून आजही विकलं जातं.

पुढची हकीकत भराभर सांगतो, कारण ती पुष्कळांना ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर गोरे सभासद गेले आणि सोसायटी डबघाईला आली, ती त्यांनी सावरून धरली. भरतपूरच्या पाणवठ्यासाठी, केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलासाठी शब्द टाकला. अमेरिकेच्या डिलन रिप्लींबरोबर भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या वर्षांत प्रसिद्ध केला. पहिला खंड निघाला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. १९५८ साली पद्मभूषण, १९६७ साली ब्रिटिश पक्षितज्ज्ञांच्या संघाचं सुवर्णपदक, जे तोवर कुठल्याही अब्रिटिश माणसाला मिळालेलं नव्हतं. १९७६ साली पद्मविभूषण. गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. १९८५ साली राज्यसभेवर नेमणूक. २० जून १९८७ रोजी नव्वदीत त्यांचं निधन झालं.

देवमाणूस करून टाकावा असे ते नव्हते. रागीट होते. मुक्कामात कोणी घोरलेलं त्यांना चालत नसे. अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले आणि त्याबद्दल उगाच खंत मिरवली नाही. त्याशिवाय शास्त्र होत नव्हतं असं त्यांचं मत होतं. आजच्या तरुण निरीक्षकांना हे खटकतं, आणि खटकायलाही हवं. मोटारसायकलचा तर त्यांना नाद होता. १९५० साली स्वीडनमध्ये उप्सालाला पक्षितज्ज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा हे ५३ वर्षांचे गृहस्थ आपली सनबीम मोटारसायकल बोटीत घालून युरोपात घेऊन गेले आणि तिच्यावर बसून हिंडले.

किहीमच्या मागची भातखाचरं आता पुष्कळशी प्लॉट होऊन कुंपणात गेली आहेत. माझी रायगड जिल्ह्यात बदली होती त्या वर्षांत अलिबागकडून येताना रस्त्याच्या कडेला खोपे दिसायचे. सुगरणीला पावसाळ्यात उंच गवत आणि भात लागतो. हिरवळीचं कापलेलं लॉन तिच्या उपयोगाचं नाही.

पदवी नसलेले सालिम अली पुढं मुंबई विद्यापीठाच्या संशोधक विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले. अलीगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती नंतरची किंवा त्याच सुमाराची गोष्ट. त्यांच्या विद्यार्थ्यांत व्ही. सी. आंबेडकर हे एक होते. त्यांनी अभ्यासाला विषय घेतला तो सुगरणीचा. १९५६ साली त्याच जर्नलमध्ये सुगरणीवर नवं टिपण प्रसिद्ध झालं. त्यावर दोन नावं आहेत, अली आणि आंबेडकर. किहीमच्या त्या पावसाळ्याला तेव्हा २६ वर्षं झाली होती आणि सालिम अली साठीला टेकले होते.